कट्ट्यावरच्या पोरांपर्यंत पोचणारे कार्यकर्ते: तीन दिवसांच्या शिबिरात काय शिकवावं?

मलप्रभाकाठ
बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या 22 कार्यकर्त्यांचं तीन दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरतंय. त्यांना पुढं ज्या मुलांबरोबर काम करायचं आहे ती 15 ते 24 वयाची, शाळा सुटलेली, नोकरीत नसलेली. संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी आठव्यात या मुलांची वेगळी मोजणी आहे, त्यांना 'नीट' म्हणतात. (आपल्याकडं नीट म्हटलं की डॉक्टरकीची परीक्षा!) कच्चा आराखडा असा: पहिला दिवस 17 उद्दिष्टांची ओळख, दुसरा हवामानबदल, तिसरा गटचर्चा आणि प्रमाणपत्रं. काय बदलावं?

गल्लीपंच
पहिला दिवस सगळाच काढा. 17 चौकोनांचा तक्ता पाठ झालेला कार्यकर्ता कट्ट्यावर जाऊन तोच म्हणून दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी कट्टा रिकामा.

त्या जागी ऐकण्याचा सराव घ्या. तिघांचे गट करा: एक पोरगा होतो, एक कार्यकर्ता, तिसरा वही घेऊन बसतो. 10 मिनिटांत कार्यकर्त्यानं किती वेळा उपदेश केला एवढंच तिसऱ्यानं मोजायचं. 'शिक्षण पूर्ण कर', 'मोबाईल कमी बघ', सगळं धरायचं. आकडा ऐकून बहुतेकांचे कान लाल होतात. मग संध्याकाळी खऱ्या कट्ट्यावर. दोघांनीच जायचं. बॅनर, फोटो, नावांचं रजिस्टर काही नको. पहिल्या तीन भेटींत काहीही मागायचं नाही. गल्लीत काय डोक्यात जातं एवढं विचारायचं आणि घरी आल्यावर त्यांच्याच शब्दांत लिहून काढायचं. वडगाव-शहापूरकडं बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात घुसतं, हे तिथल्या पोराला तक्त्याशिवाय ठाऊक असतं.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांची 1992 ची सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मात्र जरूर दाखवा. खालच्या तीन पायऱ्या सहभागात धरतच नाहीत. टी-शर्ट घालून रॅलीत उभी केलेली पोरं दुसऱ्या पायरीवर: सजावट.

तीन दिवस सलग घेऊ नका. दोन दिवस आधी, मध्ये सहा आठवडे गावात काम, मग तिसरा दिवस. जुलैत खानापूरकडं भातलावणी, नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम. ते दिवस टाळा. गणपतीच्या आधीचा महिना उत्तम, तेव्हा कट्टा आपोआप मंडपात असतो.

विहीरमाप
वरच्याला जोडून. त्या सहा आठवड्यांसाठी मोजता येईल असं एकच काम द्या. झाडं लावणं नको, त्याचा निकाल कळायला वर्षं लागतात. विहिरीचं पाणी तपासणं चांगलं, दोन दिवसांत डोळ्यांना दिसतं.

एचटूएस पट्टीची बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही, उबदार जागी 24 ते 48 तास ठेवायची. पाणी काळं पडलं तर मैल्याची शंका. शंकाच, खात्री प्रयोगशाळेत करायची. काळं झालं नाही म्हणजे पाणी शुद्ध, असंही नाही. थंडीत बाटली गारठते आणि निकाल फसतो. टाकण्याआधी बाटलीत ब्लीचिंग घालायचं.

मग शुद्धीकरण. विहिरीत उतरायचं नाही, दोरीला दगड बांधून खोली घ्यायची. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली (दोन्ही मीटरमध्ये) गुणिले 785, म्हणजे लिटर. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर 28,260 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे साधारण 70 ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढीच विहिरीत सोडून ढवळायची. तासाभरानं क्लोरोस्कोपवर (पाण्यात उरलेला क्लोरीन मोजायचं साधन) लिटरला 0.5 मिलिग्रॅम आलं पाहिजे. दहावीत गणितात अडकलेली पोरं हे गणित बिनचूक करतात, कारण उत्तर चुकलं तर गाव शिव्या देतं.

हमखास चूक म्हणजे उघड्या पोत्यातली जुनी पावडर. तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, माप बरोबर असून आकडा येत नाही. दुसरी चूक, लगेच पुन्हा बाटली लावणं. क्लोरीन उतरू द्या, दोन-तीन दिवस. नाहीतर त्याच्यामुळंच बाटली काळी होत नाही आणि खोटा आनंद होतो. पंचायतीच्या वॉटरमनला आधी विचारा, शुद्धीकरण रात्री करा.

निपाणीची_ताई
कट्टा कट्टा चाललंय सगळं. कट्ट्यावर मुली असतात का? घरी विड्या वळणारी मुलगी मोजणीत कुठंच येत नाही; घरचे म्हणतात 'घरीच असते'. तिच्यासाठी दुपारी दोन ते चार, बचत गटाच्या बैठकीला लागून, आईच्या समोर. कार्यकर्ती बाईच हवी, आणि जागा अशी की शेवटच्या बसची घाई नको. 22 मध्ये निम्म्या बायका नसतील तर आधी तेवढं दुरुस्त करा.

मलप्रभाकाठ
ताई, सध्या सहाच आहेत. वाढवतो. पंचायतीच्या कागदांचं काय करायचं? मुलं मराठी शाळेतली.

गल्लीपंच
अर्ज कन्नडमध्येच द्या, नाहीतर टेबलावर पडून राहतो. दुकानात, गॅरेजमध्ये राबलेली पोरं कन्नड फर्डं बोलतात, लिहिता येत नाही एवढंच. बोलणारा एक आणि लिहिणारा एक अशी जोडी लावा. अर्जाला विहिरीचे आकडे जोडा, पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकारी) पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि प्रमाणपत्रं सहा आठवड्यांनंतरच, वही बघून.