हिलरी क्लिंटन यांची पगारकपात: अडचण राजीनाम्याने सुटणारी नव्हती

'हिलरी क्लिंटन यांनी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री होताना स्वतःहून कमी पगार घेतला' असं कुणी म्हणतं. तसं नाही, तो कायदा होता. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या कलमाचा सहावा विभाग सांगतो: ज्या मुदतीसाठी सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य) निवडून आला, त्या मुदतीत एखाद्या पदाचा मोबदला वाढला असेल, तर त्याला त्या पदावर नेमता येत नाही. इथे 'मुदत' हा शब्द नीट वाचा. सिनेटचा राजीनामा दिला तरी ती मुदत कागदावर संपत नाही. क्लिंटनबाईंची सिनेटर म्हणून मुदत जानेवारी २००७ ते जानेवारी २०१३ होती, आणि २००८ मध्ये मंत्र्यांचा पगार १,८६,६०० वरून १,९१,३०० डॉलर झाला होता. म्हणून डिसेंबर २००८ मध्ये काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) संयुक्त ठराव करून तो पुन्हा १,८६,६०० वर आणला. याला 'सॅक्सबी फिक्स' म्हणतात. १९७३ मध्ये सिनेटर विल्यम सॅक्सबींना नेमता यावं म्हणून ॲटर्नी जनरलचा पगार ६०,००० वरून ३५,००० डॉलर केला होता, त्यावरून.

माझ्या मते पळवाट कच्चीच आहे. घटना 'वाढला असेल तर' म्हणते, 'वाढलेला राहिला तर' नाही. पण कोर्टाने या मुद्द्याला हातच लावला नाही. २००९ मध्ये क्लिंटनबाईंच्या नेमणुकीविरुद्धचा दावा फेटाळला तो वादीला दाव्याचा अधिकार नाही म्हणून.