भजन, पेटी आणि घुमट यांच्या घरगुती ध्वनिमुद्रणासाठी स्वस्त ऑडिओ इंटरफेस सुचवावा

प्रश्न (फोंडा)

चवथीपूर्वी आमच्या वाड्यावरील भजनी मंडळाचे काही अभंग आणि घुमट आरत्या घरीच ध्वनिमुद्रित करण्याचा विचार आहे. अभंगांना एक गायक व पेटी, तर आरत्यांना घुमट (मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडे ताणलेले तालवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कांसाळे (मोठ्या झांजा) असतील. लॅपटॉप विंडोजचा असून त्यावर रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर घातले आहे. मंडळाकडे साधे डायनॅमिक माइक आहेत. खर्चाची मर्यादा साधारण बारा हजार रुपये. माइक लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस हवा आहे; दुकानदार ‘दोन इनपुटचा आहे’ म्हणून स्कार्लेट सोलो सुचवतो. तो घ्यावा का?

प्रतिसाद (म्हापसा)

आपल्या कामासाठी घेऊ नये. सोलो वाईट नाही, पण त्यात माइकचा प्रीअँप (माइकचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) एकच असतो आणि दुसरे इनपुट गिटार किंवा लाइनसाठी असते. बेहरिंगरच्या यूएमसी २२ चीही तीच गत आहे. गायकाचा आवाज एका ट्रॅकवर आणि पेटी दुसऱ्या ट्रॅकवर हवी असेल, तर माइकचे दोन प्रीअँप असलेलेच यंत्र पाहावे लागेल. आपल्या मर्यादेत माझे मत यूएमसी २०२ एचडीला आहे. त्याच्या जाहिरातीतील सॅम्पलिंगचा (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतले जातात त्याचा) १९२ किलोहर्ट्झचा आकडा विसरावा, ४८ पुरेसे आहे. खरा उपयोग २४ बिटचा होतो, कारण मुद्रणाची पातळी सावधपणे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवता येते आणि गायक अचानक तारसप्तकात गेला तरी आवाज फाटत नाही.

दुसरी बाब ड्रायव्हरची. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने ने-आण करणारा) आहे की नाही, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. यूएम २ सारख्या अगदी स्वस्त यंत्रांना ‘एएसआयओ फॉर ऑल’वर भागवावे लागते, आणि ते विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेले ठिगळ आहे. मॅकवाल्यांना ही कटकट सहसा नसते. रीपरमध्ये एएसआयओ निवडून बफर (एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या नमुन्यांची संख्या) २५६ ठेवल्यास ४८ किलोहर्ट्झला बफरपुरता विलंब सुमारे ५.३ मिलिसेकंद येतो; प्रत्यक्षात जाण्यायेण्याचा मिळून तो याहून बराच अधिक असतो. त्यामुळे गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज रीपरमधून न देता इंटरफेसवरील डायरेक्ट मॉनिटरचे (लॅपटॉपमधून न फिरवता थेट ऐकवणारे) बटण दाबून द्यावा.

प्रतिसाद (डिचोली)

वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, पण डायनॅमिक माइकचे आउटपुट मुळातच क्षीण असते, हे ध्यानात घ्यावे. पेटीसमोर तो जरा दूर ठेवला की गेन (प्रीअँपने संकेत किती वाढवायचा ते) पुरता वर न्यावा लागतो आणि स्वस्त प्रीअँपची खरखर तिथेच ऐकू येते. चौथ्या पिढीच्या स्कार्लेट २आय२ मध्ये ६९ डेसिबल गेन मिळतो, तिसऱ्या पिढीत ५६, तर ऑडियंट ईव्हो ४ मध्ये ५८. नवीन २आय२ आपल्या मर्यादेबाहेर जाईल; तिसऱ्या पिढीचा वापरलेला मिळाल्यास मी तोच घेईन.

घुमटाचे उलट आहे, तिथे गेन कमीच लागतो. वादकाचा एक हात कातड्यावर चालतो आणि दुसरा मागच्या तोंडाची उघडझाप करतो. माइक केवळ कातड्यासमोर रोखला तर थाप येते पण घुमारा येत नाही. दोन-तीन फुटांवर, बाजूने ठेवून पाहावा. कांसाळे मात्र माइकपासून शक्य तितके लांब बसवावे, नाहीतर बाकीचे सारे त्याखाली बुडते.

प्रश्न (फोंडा)

आभारी आहे. दोन शंका. मंडळाच्या माइकच्या केबलींना दुसऱ्या टोकाला जाड जॅक आहे, तो इंटरफेसमध्ये बसेल का? आणि एकाने यूएसबी असलेला मिक्सरच घेण्याचा सल्ला दिला आहे, तो योग्य आहे का?

प्रतिसाद (म्हापसा)

जॅक बसेल, पण उपयोग होणार नाही. अशा इंटरफेसच्या कॉम्बो सॉकेटमध्ये मधल्या भोकात जॅक घातला की यंत्र त्याला लाइन किंवा वाद्य समजते. माइकचा संकेत अपेक्षित मार्गाने जात नाही, आवाज अगदी बारीक येतो आणि लोक यंत्रालाच दोष देतात. दोन्ही टोकांना एक्सएलआर (माइकसाठीचा तीन पिनांचा गोल जोड) असलेल्या दोन केबली घ्याव्या, त्याचे पैसे आजच हिशेबात धरावे. ४८ व्होल्टचे बटण डायनॅमिक माइकला लागत नाही, ते बंदच असू द्यावे.

मिक्सरचे म्हणाल तर यामाहा एमजी १० एक्सयूसारख्या मिक्सरमधून यूएसबीने संगणकात केवळ स्टिरिओ मिश्रण जाते. शामेळ मोठा झाला म्हणून नंतर तेवढाच कमी करता येत नाही. कार्यक्रमांतही मिक्सर लागणार असेल तर गोष्ट वेगळी, पण निव्वळ मुद्रणासाठी नको.

प्रतिसाद (डिचोली)

एक पुरवणी. मुद्रणात सतत घूं असा आवाज आला, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. जुन्या घरांतील अर्थिंगचा दोष पुष्कळदा त्यातूनच आत शिरतो, आणि चार्जर काढताच आवाज थांबला तर इंटरफेस बदलून आणण्याची गरज नाही.