मदत हवी आहे : लायका एम१० देऊन एम११ घेण्याचा खरा खर्च कसा मोजावा?

नमस्कार. माझ्याकडे लायका या जर्मन कंपनीचा एम१० हा डिजिटल कॅमेरा आहे आणि तो देऊन एम११ घ्यावा का, या विचारात मी सध्या आहे. दोहोंपैकी कोणता कॅमेरा चांगला, हा माझा प्रश्न नाही. त्याबद्दलची परीक्षणे मी भरपूर वाचली आहेत. मला समजून घ्यायचे आहे ते किमतीचे गणित. अशा कंपन्या किंमत नेमकी कशाच्या आधारे ठरवतात, आणि दर पिढीला बॉडी (म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) बदलणाऱ्या मालकाला ते एकूण केवढ्याला पडते?

एम१० २०१७ साली अमेरिकेत ६,५९५ डॉलरला आला. २०२० मध्ये ४० मेगापिक्सेलचा एम१०-आर ८,२९५ डॉलरला आला आणि २०२२ च्या जानेवारीत ६० मेगापिक्सेलचा एम११ ८,९९५ डॉलरला. म्हणजे पाच वर्षांत नव्या बॉडीची किंमत सुमारे ३६ टक्क्यांनी वाढली. ही वाढ सेन्सरमुळे झाली, असे मला वाटत नाही, कारण ६१ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर असलेला सोनीचा ए७आर ४ २०१९ सालीच ३,५०० डॉलरच्या आसपास मिळत होता. मग उरते ते रेंजफाइंडरचे, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करण्याच्या यंत्रणेचे काम. लेन्सची हालचाल एका छोट्या चाकावाटे आत पोहोचते, तिथून ती व्ह्यूफाइंडरमधली दुसरी प्रतिमा सरकवते, आणि या दोन प्रतिमा अचूक जुळाव्यात म्हणून प्रत्येक बॉडी माणसाने हाताने जुळवावी लागते. शिवाय असे कॅमेरे खपतात थोडेच, त्यामुळे संशोधनाचा सगळा खर्च त्या थोड्या नगांवर येतो. आणि तिसरे कारण, जे मला सर्वांत मोठे वाटते, ते म्हणजे स्पर्धेचा अभाव. एप्सनचा आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर २००४ मध्ये आला आणि पुढे बंद पडला. आज पिक्सी ही छोटी फ्रेंच कंपनी सोडली, तर या प्रकारात लायकासमोर कोणीच उभे नाही.

स्पर्धा असली की काय होते, हे मिडियम फॉरमॅटमध्ये, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत, स्पष्ट दिसते. हासेलब्लाडचा एक्स१डी २०१६ मध्ये ८,९९५ डॉलरला जाहीर झाला. पुढच्याच वर्षी फुजीफिल्मने ४४ × ३३ मिलिमीटरच्याच, ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरचा जीएफएक्स ५०एस ६,४९९ डॉलरला आणला, आणि २०१९ मध्ये हासेलब्लाडची सुधारित दुसरी आवृत्ती थेट ५,७५० डॉलरला आली. नव्या ग्राहकासाठी ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण ज्याने पहिली आवृत्ती पूर्ण किमतीला घेतली होती, त्याची बॉडी विकायला काढताच तिला काय भाव आला असेल, याचा विचार करावा. उलट लायका नव्या बॉडीची किंमत चढती ठेवते, तेव्हा आपल्या जुन्या बॉडीचा सेकंडहँड भावही काही प्रमाणात तग धरतो. त्यामुळे मी अशा निष्कर्षाला आलो आहे की मालकाने दुकानातल्या किमतीकडे न पाहता घसाऱ्याकडे पाहावे : घेतली तेव्हाची रक्कम वजा विकल्यावर हातात आलेली रक्कम, भागिले वापराची वर्षे. हा हिशेब बरोबर आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

या हिशेबात न बसणारे खर्चही आहेत. एम११ ची बॅटरी वेगळी आहे, म्हणजे माझ्याकडच्या जादा बॅटऱ्या निरुपयोगी ठरतील. एम१० च्या जुन्या व्हिझोफ्लेक्स या वर लावायच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचेही तेच. एम११ ला तो चालत नाही, नवा घ्यावा लागतो. फाइलींचा आकार वाढल्यामुळे साठवणुकीचा खर्च आहेच, जरी ३६ आणि १८ मेगापिक्सेलचे पर्याय कॅमेऱ्यातच दिलेले असले. सुदैवाने लेन्सला हात लावावा लागत नाही, कारण १९५४ च्या एम३ पासून लेन्स बसवण्याचा माऊंट तोच आहे.

एम कॅमेऱ्यांच्या पी आणि डी या खास आवृत्त्यांचे कोडे मात्र मला सुटलेले नाही. २०२३ चा एम११-पी ९,१९५ डॉलरला आला. त्यात लायकाचे लाल बिंदूचे चिन्ह नाही, अंतर्गत साठवण ६४ ऐवजी २५६ जीबी आहे आणि छायाचित्राची सत्यता नोंदवण्याची सोय आहे. एवढे समजण्यासारखे आहे. पण २०१६ मध्ये मागचा पडदाच (डिस्प्ले) नसलेला एम-डी, पडदा असलेल्या एम टाइप २६२ पेक्षा महाग होता. सुट्या भागांच्या खर्चावरून ही किंमत लागलेली नाही, हे उघड आहे; इथे ग्राहकाच्या आवडीची किंमत लावलेली आहे. अशा आवृत्त्यांना पुढे सेकंडहँड बाजारात खरोखर जास्त भाव मिळतो का?

बॉडी न बदलता तीच सुधारून घेण्याचा मार्गही एकेकाळी होता. २००८ मध्ये लायकाने एम८ या आपल्या पहिल्या डिजिटल एमच्या मालकांना पैसे भरून कमी आवाजाचे शटर आणि मागच्या डिस्प्लेवर सहसा ओरखडे न पडणारी सफायर काच बसवून देण्याची योजना आणली. त्या शटरमुळे कमाल वेग १/८००० वरून १/४००० सेकंदावर आला, आणि २००९ मध्ये फुलफ्रेम एम९ आल्यावर, मूळचा लहान सेन्सर अशा दुरुस्तीने मोठा होणार नाही, हेही स्पष्ट झाले. पुढे एम९ च्या सेन्सरवरील काच खराब होण्याची तक्रार आली, तेव्हा कंपनीने सुरुवातीला सेन्सर विनामूल्य बदलून दिले, मग जुन्या कॅमेऱ्यांसाठी शुल्क लावले आणि शेवटी सुटे सेन्सरच संपले. म्हणूनच एम१० आणखी बरीच वर्षे वापरायचा म्हटले, तर त्याचे सुटे भाग किती काळ मिळतील, याची मला खरी काळजी वाटते.

ज्यांनी एम१० वरून एम११ घेतला आहे, त्यांनी जुनी बॉडी दुकानात बदलून दिली की स्वतः विकली, आणि दोन्हींतील रकमेत किती फरक पडला, हे कळले तर फार मदत होईल. एम११ आता बाजारात जुना होत चालला आहे. पुढचे मॉडेल जाहीर होताच त्याचा सेकंडहँड भाव उतरेल हे खरे, पण त्याबरोबर माझ्या एम१० चा भावही उतरणारच. यांपैकी कोणता जास्त घसरतो, याचा अनुभव मागच्या पिढ्यांच्या वेळी, म्हणजे एम१० च्या आधीच्या टाइप २४० वरून एम१० घेताना, कोणी घेतला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.