अनुभव धागा: आमची जमीन सरकारने घेतली तेव्हा

मळ्यातली
माहेरी गेले होते. शेजारच्या द्राक्षबागेच्या अँगलवर लाल रंगाने आकडे टाकलेत, बांधावर चुना ओढलाय. रस्ता रुंद होणार. २०२७ च्या सिंहस्थाआधी नाशकात हे जागोजागी चाललंय. बघितलं आणि आजोबाच आठवले.

आमची नदीकाठची जमीन धरणात गेली. पाणी सगळ्यांनाच हवं होतं, हे आजोबा स्वतःच गावात सांगत फिरायचे. त्यांना डाचलं ते वेगळंच. नोटीस चावडीवर डकवली, घरी कुणी आलं नाही. ताबा आधी गेला, पैसे कितीतरी नंतर. आणि जी विहीर त्यांनी भावांबरोबर सुरुंग लावून खणली, ती कागदावर आलीच नाही. बागायत जमिनीला जिरायतीचा भाव लागला.

सरकारला जमीन घेता यायला हवी, याबद्दल माझं दुमत नाही. पण ज्याची घेताय त्याच्या ओट्यावर या, त्याचं ऐका, पैसे हातात द्या, मग ताबा घ्या. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. धरण, रस्ता, एमआयडीसी, आरक्षण, काहीही.

सिन्नरची_सून
आमची एमआयडीसीत. सासरे अजून त्या बाजूने जात नाहीत. सविस्तर लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

निवृत्त_कारकून
मळ्यातली ताई, मी भूसंपादनाच्या कामात उमेदीची सगळी वर्षं काढली, म्हणून लिहितो. जुना कायदा १८९४ चा. त्यात पैसे उचलताना ‘हरकत राखून स्वीकारले’ एवढं लिहिलं, तरच कलम १८ खाली वाढीव मोबदला मागता यायचा. समोर निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा निर्णय, जाहीर झाला तर मुदत सहा आठवडे. ज्याला हे ठाऊक नव्हतं, त्याचा अंगठा उमटला की दार बंद. असे कितीतरी अंगठे माझ्या डोळ्यांसमोर उमटलेत.

२०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. दिलासा रक्कम, म्हणजे सक्तीने जमीन घेतल्याबद्दल भावावर वर मिळणारे पैसे, ३० टक्क्यांची १०० टक्के झाली, ग्रामीण भागात बाजारभावाला गुणक आला, म्हणजे भाव ठरावीक पटीने धरायचा. कायदा सुधारला. पण कागदावर विहीर नसेल तर गुणक कशाला लावणार? संयुक्त मोजणीच्या दिवशी, म्हणजे सरकारी खाती मिळून जमीन मोजायला येतात तेव्हा, घरच्या माणसाने शेतात उभं राहायचंच. विहीर, पाइपलाइन, ठिबक, वेलींचं वय, झाडं, सगळं तिथेच लिहून घ्यायचं आणि वाचून मगच सही.

गोदाकाठ७
+१ मोजणीबद्दल. आमची आंब्याची झाडं ‘इतर झाडे’ झाली होती.

पंचवटीकर_ताई
आमचं शेत नव्हे, साधा प्लॉट. शहराच्या विकास आराखड्यात त्यावर बागेचं आरक्षण पडलं. सरकार घेतही नाही, सोडतही नाही. बांधता येत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही, बँक कर्ज देत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी विकायचा होता, शेवटी दागिने मोडले. दहा वर्षं झाली की १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते, म्हणजे ‘घ्या नाहीतर सोडा’ असं लेखी कळवता येतं. पूर्वी सूचनेनंतर सहा महिने थांबावं लागे, आता २४. म्हणजे मालकाने बारा वर्षं नुसतं बघत बसायचं. घ्यायचं तर घ्या ना! टांगून ठेवण्याचा अधिकार कुणी दिला?

आर्टिलरी_रोड
मळ्यातली, माहेर मखमलाबादकडे का? माझी मावशी तिकडचीच.

मळ्यातली
हो की! कुठली गल्ली? व्यनि (खाजगी निरोप) करते.

वकिलीण
मालमत्तेचा हक्क आता मूलभूत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो काढला आणि कलम ३००-अ आलं: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. पण हे कलम लेचंपेचं समजू नका. हिमाचलमधल्या विद्या देवी यांची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली, ना संपादन, ना मोबदला. पुढे सरकार म्हणालं, इतकी वर्षं कब्जा आहे, आता जमीन आमचीच. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठणकावलं की नागरिकाच्या जमिनीवर सरकारला असा कब्जेहक्क सांगता येत नाही. २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात तर ३००-अ मध्ये काय काय येतं तेच मांडलं: नोटीस, म्हणणं ऐकणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला, वेळेत कारवाई आणि ती पूर्णत्वाला नेणं. ताई, तुमचे आजोबा हेच मागत होते.

मळ्यातली
वकिलीणबाई, डोळ्यांत पाणी आलं. आईला वाचून दाखवते.

सुरगाण्याचा_पोर
आमचं उलटं. कसत होतो पिढ्यान्‌पिढ्या, पण कागदावर वनजमीन, म्हणून अतिक्रमणवाले. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत हक्क. आमच्या पट्ट्यावर, म्हणजे हक्काच्या कागदावर, आलं ते कसतो त्यापेक्षा कितीतरी कमी. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला मोर्चा निघाला, तेव्हा आई चालली. तळपायाची कातडी सोलली होती, तरी विधानभवनाकडे जायचंच म्हणाली. पट्ट्यावर आईचं आणि बाबांचं, दोघांचं नाव आहे. आई तो कागद गोधडीच्या घडीत ठेवते.

सिन्नरची_सून
सुरगाण्याच्या भावा, आईंना नमस्कार सांग.

आमचं लिहायचं राहिलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पोरांना नोकऱ्या, असं तोंडी सांगितलं होतं. लेखी काही नव्हतं. दीर आज त्याच वसाहतीत ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहेत, आपल्याच जुन्या जमिनीवर. शेड कुठे उभी आहे ते बघून सांगतात, इथे आपलं खळं होतं.

द्राक्षवाला
मळ्यातली ताईंच्या शेजारच्या त्या द्राक्षबागेत यंदा खरड छाटणी (हंगाम संपल्यावरची वेलींची छाटणी) करायची का म्हणे? पैसे कधी मिळणार माहीत नाही, छाटणीचा खर्च तर आजच आहे.

निवृत्त_कारकून
करायला सांगा. ताबा जाईपर्यंत पीक त्याचंच. आणि बाग जिवंत दिसली पाहिजे.

ओझरची_लेक
विषय थोडा वेगळा, चालेल का? आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा मोबदला मंजूर झालाय आणि भाऊ हक्कसोड पत्र घेऊन दारात. आजवर राखीला आला नव्हता.

पंचवटीकर_ताई
सही करू नकोस गं!!

वकिलीण
मुलीचा वाटा मुलाइतकाच. महाराष्ट्रात १९९४ ला झालं, देशभर २००५ ला. सातबारावर नाव आहे का?

ओझरची_लेक
वारसनोंद झाली तेव्हा लागलंय.

निवृत्त_कारकून
मग उद्याच भूसंपादन अधिकाऱ्याकडे मोबदल्याच्या वाटपाबद्दल लेखी हरकत द्या. सातबारा आणि फेरफार जोडा. वाद असला की ती रक्कम परस्पर एकाच्या खात्यात न टाकता असे वाद ऐकणाऱ्या भूसंपादन प्राधिकरणाकडे पाठवता येते. आणि अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्या.

ओझरची_लेक
घेते काका. भावाला आत्ता चहा दिलाय, तो बाहेर बसलाय.