भाड्याच्या घरात ढेकूण निघाले: मालकाने काय केलं, तुम्ही काय केलंत?

घरात ढेकूण आहेत हे सांगायला लोक इतके लाजतात की मालकाच्या कानावर जाईपर्यंत ते पलंगातून भिंतीत पोचलेले असतात. आणि कळलं की पहिला वाद एकच, आणले कुणी? त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतच नाही. ढेकूण प्रवासाच्या बॅगेतून येतो, जुन्या सोफ्यातून येतो, शेजारच्या घरातून वायरीच्या नळीतूनही येतो. रिकाम्या घरात काही महिने उपाशी तग धरतो, त्यामुळे 'आधीच्या भाडेकरूपासून होते' हेही अशक्य नाही. तो वाद इथे नको. कळवलंत कसं, तपासणी कुणी केली, पैसे कुणी दिले, डिपॉझिटचं काय झालं, ते लिहा. मालकांनीही लिहा. औषधांच्या जाहिराती कृपया टाळा.

*

माझ्या हातावर ओळीने गांधी उठलेल्या, नवऱ्याच्या अंगावर एक नाही. "दोघं एकाच गादीवर झोपता ना? मग ढेकूण कसले, ॲलर्जी असेल," म्हणून मालकांनी फोनवर विषय संपवला. खरं तर चावा प्रत्येकाच्या कातडीवर उमटत नाही, आणि उमटला तरी कधी कधी खूप दिवसांनी. नुसत्या चट्ट्यांवरून कुणी काही सांगू शकत नाही. पुरावा म्हणजे गादीच्या शिवणीतले काळे डाग, टाकलेली कात आणि सापडलाच तर खुद्द ढेकूण. मी एक पारदर्शक चिकटपट्टीत पकडला, कागदावर चिकटवला, खाली तारीख घातली. डागांचे फोटो काढले आणि सगळं ईमेलने पाठवलं. मजकुरात रडगाणं नाही: अमुक दिवशी अमुक खोलीत हे सापडलं, तपासणी करून घ्या, कधी करणार ते लेखी कळवा. फोनवर उडवून लावणाऱ्या माणसाने ईमेलला मात्र नीट उत्तर दिलं. तपासायला आलेल्याने पलंगाची डोक्याकडची फळी उतरवली, तर मागच्या स्क्रूच्या भोकांत अंडी. मग ॲलर्जीचं नाव कुणी काढलं नाही.

*

मी मालक आहे, चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच लिहितोय.

राहण्यालायक घर देणं माझं काम, मान्य. ढेकूण निघाले तर खर्च मी करणार, हे मी करारातच घातलंय. दानशूरपणा नाही त्यात. खर्चाच्या भीतीने भाडेकरू लपवतो आणि लपवलेले ढेकूण मला जास्त महाग पडतात. एकाने मला न सांगता धूर सोडणारे डबे आणून फोडले. तो धूर फटींत पोचत नाही, ढेकूण मात्र बिथरून पांगतात. एका खोलीचं काम होतं ते सगळ्या घराचं झालं. शिवाय पायरेथ्रॉइड जातीच्या नेहमीच्या औषधांना आता पुष्कळ ठिकाणचे ढेकूण जुमानत नाहीत, म्हणजे घरच्या घरी फवारून वेळ जातो आणि ढेकूण तिथेच.

भाडेकरूकडून मला हवं ते एवढंच: दिसल्या दिसल्या सांगा आणि ठरल्या दिवशी दार उघडा. पलंग भिंतीपासून सरकवलेला, पलंगाजवळची कपाटं रिकामी, कपडे-चादरी पिशव्यांत बांधलेल्या. धुतलेले कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर अर्धा तास फिरवले की ढेकूणही मरतात आणि अंडीही. दुसरी फेरी तर चुकवायचीच नाही. बऱ्याच औषधांना अंडी दाद देत नाहीत, आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी परत यावं लागतं. पहिल्या फेरीनंतर "आता दिसत नाहीत, येऊ नका" म्हणणाऱ्यांना काय म्हणावं, ते इथे लिहिता येणार नाही.

*

वरच्या काकांना: सगळे मालक तुमच्यासारखे असते तर हा धागा निघालाच नसता. पण 'खोली तयार ठेवा' हे माझ्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आईला कसं जमावं? फवारणीवाला कपाट भरलेलं बघून परत गेला आणि मालकाने त्या फेरीचे पैसे तिच्याकडे मागितले. आम्ही लेखी विचारलं, तयारीची यादी आधी का दिली नाही आणि मदत लागेल का हे का विचारलं नाही? उत्तर आलं नाही. पैशांची मागणीही पुन्हा आली नाही.

*

भाडेकरूंना सल्ला देण्याचं काम करते, म्हणून थोडं कायद्याचं. नियम जागोजागी वेगळे आहेत, तेव्हा आपल्याकडचा नियम बघितल्याशिवाय इतरांच्या अनुभवावर उडी मारू नका. काही ठिकाणी हे स्पष्ट लिहिलंय. न्यूयॉर्क शहरात नव्या भाडेकरूला आधीच्या एका वर्षातला ढेकणांचा इतिहास लेखी द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात ढेकूण आहेत हे माहीत असताना रिकामं घर भाड्याने देता येत नाही, तपासणीचा निष्कर्ष कामकाजाच्या दोन दिवसांत भाडेकरूला लेखी कळवावा लागतो, आणि तक्रार केली म्हणून त्याला त्रास देता येत नाही. फ्रान्समध्ये 2018 च्या कायद्याने भाड्याचं घर उपद्रवी किड्यांपासून मुक्त असलं पाहिजे ही अट घातली. जिथे ढेकणांचं नाव कायद्यात नाही, तिथेही घर राहण्यायोग्य ठेवण्याची मालकाची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी असते आणि तिच्याच आधारे भांडता येतं.

मात्र तुम्हीच ते आणले किंवा माहीत असून दडवले हे दाखवता आलं, तर खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून कळवल्याची तारीख इतकी महत्त्वाची.

*

भाडं थांबवलं तर? आमच्याकडे कळवून झालंय, आठवण करून झाली, समोरून हूं नाही की चूं नाही.

*

(सल्ला देणारीच परत.) परस्पर थांबवू नका. कित्येक ठिकाणी कारण कितीही खरं असलं तरी भाडं थकवलं म्हणून घर खाली करायची नोटीस येऊ शकते. काही ठिकाणी न्यायालयात भाडं जमा करण्याची सोय असते, काही ठिकाणी आधी घरांची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याकडे तक्रार करावी लागते. आधी विचारा, मग पाऊल उचला.

*

आमचा अनुभव असा की एका घरात फवारून काही होत नाही. आमच्याकडे काम व्हायचं, थोडे दिवस शांतता, पुन्हा सुरू. ढेकणाला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, पण पाइपाच्या भोकातून आणि स्विचबोर्डामागून तो आरामात पलीकडे जातो. शेवटी खालच्या आणि बाजूच्या घरांची दारं ठोठावली. आधी सगळ्यांचं "छे, आमच्याकडे नाहीत हो." मग एकेकाचं तोंड उघडलं! सगळ्यांच्या सह्यांचं एकच पत्र दिलं आणि मागणीही एकच, की लागून असलेली सगळी घरं एकाच वेळी तपासा. एकट्या तक्रारदाराला 'तुमचीच स्वच्छता बघा' म्हणता येतं, तेवढ्या सह्यांना नाही. आणि स्वच्छतेचा इथे तसा संबंधही नाही, ढेकणाला रक्त लागतं, केर नाही. पसारा असला तर त्याला लपायला जागा जास्त मिळते, एवढंच.

*

होस्टेलवजा घर, एका खोलीत तिघी, करार प्रत्येकीचा वेगळा. सोडताना डिपॉझिटमधून 'कीटकनाशक खर्च' कापला, तोही तिघींकडून पूर्ण! राहायला आले त्या दिवशी गादी उलटवून फोटो काढले होते, त्यात शिवणीवरचे काळे डाग दिसत होते. ते पाठवले, पैसे परत आले. बाकीच्या दोघींकडे फोटो नव्हते, माझेच फोटो दाखवून त्यांनी अर्धे मिळवले.

*

सामानासकट घेतलेल्या घराचं कुणी लिहिलं नाही. पलंग, गादी, सोफा सगळं मालकीणबाईंचं. त्यांचं म्हणणं, गादी टाकून द्या आणि नवी तुम्ही घ्या. मी नाही म्हणाले. एक तर गादी माझी नाही. दुसरं, नवी आणली तरी पलंगाच्या सांध्यांतले तिच्यात जाणारच. तपासणीवाल्यानेही सांगितलं की फाटली नसेल तर टाकायची गरज नाही, चेनचं बंद कव्हर घाला आणि वर्षभर काढू नका. आत राहिलेले आतच उपाशी मरतात. कव्हर आणि पलंगाच्या पायांखालच्या सापळ्याच्या वाट्या त्यांनी आणायच्या, दर आठवड्याला वाट्या बघून फोटो मी पाठवायचा, असं लेखी ठरलं. सोफ्याचं अजून ठरत नाहीये. त्यांना तो ठेवायचाय, मला तो घराबाहेर हवाय. कुणाचा असा मामला झाला असेल तर सांगा.