पावसाळ्यात घरी सुकवलेली फळं: शाळेच्या डब्यासाठी सफरचंद, केळं, आंबापोळी

छोटी_सुट्टी
मुलगी पहिलीत, मुलगा चौथीत. छोट्या सुट्टीच्या डब्यात बिस्किटांऐवजी घरी सुकवलेली फळं द्यायची आहेत. मुक्काम ठाणे आणि महिना जुलै, त्यामुळे उन्हाचा प्रश्नच नाही. पंखा असलेला ओटीजी आहे (60 अंशांपासून पुढे), डिजिटल काटा आहे. डिहायड्रेटर घ्यायचा नाहीये.

अडचणी अशा:
1. सफरचंदाच्या चकत्या बाहेरून कडक, आतून ओलसर. बरणीत आठवड्याच्या आत बुरशी धरते.
2. केळ्याचे काप काळे पडतात.
3. आंबापोळी मध्ये चिकट, कडेला काचेसारखी, आणि बटर पेपर सोडत नाही.

साखर कमीत कमी हवी. आणि कोणती फळं घरी करण्यात अर्थ आहे, कोणती सरळ विकत आणावीत?

वजनकाटा
पहिली अडचण तापमानाची आहे. लवकर व्हावं म्हणून 90-100 अंशांवर ठेवलं की वरचा थर आधी घट्ट होतो आणि आतलं पाणी कोंडतं. हाताला चकती सुकलेली लागते, पण बरणीत ते पाणी हळूहळू बाहेर येतं आणि बुरशीला तेवढं पुरतं. 60 अंश, पंखा चालू, दार बोटभर उघडं (फटीत लाकडी उलथनं अडकवा). दार बंद राहिलं तर वाफ आतच फिरते आणि फळ सुकण्याऐवजी शिजतं.

सफरचंद: मधला भाग काढून 5 मिमीच्या चकत्या. जाडी सारखी हवी, नाहीतर अर्ध्या करपतात आणि अर्ध्या कच्च्या राहतात. साल ठेवली तरी चालते, पण पहिलीतल्या मुलीसाठी काढा, सुकल्यावर ती चिवट होते. 1 लिटर पाण्यात 1 चहाचा चमचा लिंबूसत्त्व, त्यात 10 मिनिटं बुडवून निथळून कापडावर टिपून घ्या. चकत्या जाळीवर एकमेकींना न चिकटवता मांडा, दर दोन तासांनी उलटा आणि जाळ्यांची जागा बदला. साधारण 6 ते 9 तास.

‘झालं का’ हे घड्याळापेक्षा काटा बरोबर सांगतो. सफरचंदात सुमारे 85 टक्के पाणी असतं, म्हणजे 1 किलो चकत्यांत 150 ग्रॅमच ऐवज. 20 टक्के ओलावा राहू द्यायचा तर शेवटचं वजन 185-190 ग्रॅम यायला हवं. 250 भरलं तर अजून वेळ आहे. सोललेल्या केळ्यात पाणी सुमारे 75 टक्के, तिथे किलोचे 310 ग्रॅमच्या आसपास. फळागणिक थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून शेवटी एक चकती पूर्ण गार करून मोडून दाबा. मोडलेल्या कडेवर पाण्याचा थेंब दिसता कामा नये. गरम असताना सगळीच फळं मऊ लागतात, तेव्हा तपासू नका.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. गार झालेल्या चकत्या काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, झाकण लावा आणि 7 ते 10 दिवस रोज एकदा हलवा. जास्त ओल्या तुकड्यांतला ओलावा कोरड्यांत जातो आणि सगळा माल सारखा होतो. काचेला आतून दव दिसलं तर सगळं परत ओव्हनमध्ये. बुरशीचा एक जरी ठिपका दिसला तर पूर्ण बरणी टाकायची, निवडत बसायचं नाही.

केळ्यालाही तेच लिंबूसत्त्वाचं पाणी. तरीही रंग बदामी होणारच. दुकानातली जर्दाळू केशरी दिसतात ती सल्फर डायऑक्साइडमुळे. घरी त्या वाटेला जाऊ नका, दमेकरी मुलांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. केळं पिवळं धमक, सालीवर तुरळक ठिपके आलेलं घ्या. फार पिकलेल्याचा लगदा होतो, कच्चट असेल तर सुकल्यावर तुरट लागतं.

हापूस_की_पायरी
आंबापोळीचं मी सांगते. कडा काचेसारख्या होतात कारण रस मध्ये साचतो आणि कडेला पातळ पसरतो. उलटं करायचं: मध्ये 3 मिमी, कडेला 6 मिमी, कारण कडा आधी सुकतात. 25 x 25 सेंमीच्या ट्रेला 250 मिली रस पुरतो. त्याहून जास्त ओतलात तर मधला भाग ओला राहील.

आत्ता ताजा आंबा नाही, तर डब्यातला रस चालेल, पण त्यात बहुधा साखर असतेच, लेबल वाचा आणि वरून घालू नका. ताज्या गोड रसाला किलोमागे 100 ग्रॅम साखर पुष्कळ झाली. साखर वाढवली की पोळी काही आठवड्यांनी रवाळ होते. रस आधी जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत एक तृतीयांश आटवून घ्या, ओव्हनचे तास बरेच वाचतात. अॅल्युमिनियमची कढई नको, आंबट रसाला धातूची चव येते. नंतर 60 अंशांवर 6 ते 8 तास. मध्यभागी बोट टेकवल्यावर ठसा उमटला नाही की झाली.

चिकटण्याचा दोष पातळ बटर पेपरचा. सिलिकॉनची मॅट घ्या, किंवा स्टीलच्या ताटाला तुपाचं बोट फिरवा. बोटच, जास्त तुपाला महिन्याभरात खवट वास येतो. पोळी किंचित कोमट असतानाच कडेपासून सोडवा.

गच्चीवरून
ओव्हनचं वीजबिल बघता मार्च ते मेमध्येच वर्षाचं करून ठेवावं, असं माझं मत. ऊन फुकट आहे आणि आंबापोळीला उन्हाची चव वेगळीच येते. ताटावर मलमल ताणून बांधा, फळाला टेकू देऊ नका. संध्याकाळी ताटं घरात आणायचीच, रात्रीच्या गारव्यात सुकलेलं फळ परत ओलं होतं.

वजनकाटा
@गच्चीवरून, घाटावर मान्य. उन्हात सुकवायला किमान 30 अंश तापमान आणि 60 टक्क्यांखाली आर्द्रता लागते. ठाणे-मुंबईत एप्रिल-मेमध्येसुद्धा हवा दमट, म्हणून किनाऱ्यावर पातळ थर द्यावेत आणि गरज पडली तर शेवटचे दोन तास ओव्हन द्यावा. उन्हात वाळवलेला माल हवाबंद पिशवीत 48 तास उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. माशी-किड्यांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, नंतर अळ्या दिसतात.

भाकरतुकडा
माझ्याकडचा ओटीजी 100 अंशांपासूनच सुरू होतो. दार उघडं ठेवून जमेल का?

वजनकाटा
@भाकरतुकडा, जमेल असं छातीठोक सांगता येणार नाही. दार उघडं राहिलं की थर्मोस्टॅट कॉइल बंदच करत नाही, वरची जाळी करपते. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणून जाळीजवळचं तापमान बघा, 70 च्या वर जात असेल तर नाद सोडा. मायक्रोवेव्हवर तर नकोच, मधूनच जळतं.

हापूस_की_पायरी
@भाकरतुकडा, ओव्हन नसेल तर गोव्याची पेराद करा. पिकलेले पेरू उकडून गर चाळणीतून काढायचा (बिया राहिल्या तर मुलं खात नाहीत), गराच्या जवळपास वजनाइतकी साखर, थोडा लिंबाचा रस, आणि कढईच्या कडा सोडेपर्यंत ढवळत राहायचं. थापून वड्या. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे छान धरते. साखर मात्र कमी करता येत नाही, टिकतेच ती साखरेमुळे.

डबा_बंद
कोणती फळं, यावर माझं मत: सफरचंद, केळं, आंबापोळी घरी. चिकूही, घट्ट पिकलेला, सोलून, 5 मिमी, 8 ते 10 तास, लिंबू नको. अर्धवट पिकलेल्या चिकूचा चीक सुकल्यावरही जिभेला लागतो. कलिंगड, पपई यांची पोळी एकट्याने धरत नाही, उकडलेल्या सफरचंदाचा गर निम्मा मिसळावा लागतो. बेदाणे विकत घ्या. द्राक्षाच्या सालीवर मेण असतं, उकळत्या पाण्यात बुडवून साल तडकवली तरी ओव्हनमध्ये दिवस जातो, आणि सांगली-तासगावचा माल सहज मिळतो. वसईची सुकेळी मिळाली तर तीही विकतच. ती राजेळी केळ्यांची असतात, साध्या वेलचीला तो गर नाही.

डब्यात 20 ग्रॅम पुष्कळ, म्हणजे सफरचंदाच्या दृष्टीने 100 ग्रॅमपेक्षा जास्त ताजं फळ झालं. पहिलीतल्या मुलीला केळ्याच्या गोल चकत्या न देता उभ्या बारीक पट्ट्या द्या, गोल चिवट तुकडा घशात अडकू शकतो. पोळीचा कागदात गुंडाळलेला रोल दातांना चिकटतो. दोन बोटं रुंद पट्ट्या कापा, सोबत शेंगदाणे किंवा चणे (शाळेत दाण्यांना मनाई असेल तर चणेच), आणि वर पाणी पिण्याची सवय लावा. गरम भाजी-पोळीच्या डब्यात ठेवू नका, वाफेने अर्ध्या तासात सगळं चिकट होतं. वेगळी घट्ट झाकणाची डबी लागते.

पावसाळ्यात मोठी बरणी रोज उघडू नका. आठवड्यापुरतं छोट्या डबीत काढून बाकीचं फ्रीजरमध्ये. फ्रीजरमधली पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर फळावरच दव धरतं.