२५ हजारांत पॅड : जुना ऑक्टापॅड की स्वतःचे आवाज चढवता येणारा?

दांडियाबाजारकर : मंडळी, गणपतीत आरतीला ढोलकी वाजवतो, नवरात्रात एका गरबा ग्रुपबरोबर बसतो. यंदा ग्रुपवाले म्हणतात, पॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) घेऊन ये. बजेट २५ हजार, घरून वर एक रुपयाही सुटणार नाही. दोन वापरलेले पॅड बघून ठेवलेत. एक रोलंड एसपीडी-२०, ज्याला सगळे ऑक्टापॅड म्हणतात. दुसरा अलेसिस सॅम्पलपॅड प्रो : ८ पॅड, आणि मेमरी कार्डावरून आपले आवाज घालता येतात. माझा कल दुसऱ्याकडे, आमच्या ढोलाचाच आवाज वाजवता येईल म्हणून. चुकतोय का?

रावपुरा बीट : चुकतोयस बाळा. एसपीडी-२० मध्ये ७०० आवाज तयार बसलेत. आवाज चढवता येत नाहीत, कबूल. पण बिघडला तर दुरुस्त करणारा सापडतो आणि विकायला काढलास तर दोन दिवसांत जातो. गरब्याच्या मधल्या दहा सेकंदांत कार्ड चाळत बसणार आहेस का?

मांजलपूरचा : कोण चाळतो? किट, म्हणजे आठ पॅडवरच्या आवाजांचा संच, आधीच बांधून ठेवायची, बटणाने पुढे सरकायचं. आणि ते ७०० आवाज मोजू नका हो. त्यातले हींच (गरब्यातला ताल) वाजवताना कामी येणारे किती? सहा मात्रांच्या त्या झोल्यात डाव्या बाजूची घुमक परक्या ढोलाची निघाली, की नाचणाऱ्याला नाव सांगता येत नाही पण पाय जड होतो. दांडियाबाजारकर, तुमचा कल आहे तोच घ्या.

ढोलकीप्रेमी : दोघेही पॅडच्या प्रेमात! ढोलकीच्या डाव्या पुडीवर मनगट दाबून जो घिस्सा येतो तो रबरावर काढून दाखवा. स्वस्त पॅडमध्ये बहुधा एकच आवाज, जोराने मारला तर मोठा, हळू मारला तर बारीक. भरभर वाजवलं की शिवणयंत्र. पैसे वाचवा, चांगली ढोलकी आणि एक बरा माइक घ्या.

मांजलपूरचा : घिस्सा येत नाही, मान्य. म्हणून तर ढोलकी हातात आणि पॅड बाजूला. पण शिवणयंत्रावर इलाज आहे. एकच थाप चार वेळा रेकॉर्ड करा, चार पॅडवर टाका, हात फिरवत राहा. मी गच्चीवर दुपारी रेकॉर्ड केलं, कावळे आणि भंगारवाला सोडून बाकी शांत होतं.

रावपुरा बीट : आणि वाजवताना थाप मागे पडते त्याचं काय? तुझ्याच ग्रुपात मी ऐकलंय.

मांजलपूरचा : तो पॅडचा दोष नव्हता, माझा होता. फायलीच्या सुरुवातीला जराशी शांतता राहिली होती. काठी पडते, मग ती शांतता वाजते, मग ढोल. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची लाट मोठी करून बघितली, थापेच्या तोंडाशीच कापली, झालं. फाइल १६ बिटची वेव्ह करा. एमपीथ्री टाकून पॅडला शिव्या देऊ नका.

रावपुरा बीट : ठीक, त्यात तू जिंकलास. पण मैदानातली गोष्ट ऐक. आमचा स्टँड बेसच्या स्पीकरला लागून होता. तिसऱ्या रात्री कुणी हात न लावता पॅड वाजायला लागला, सगळे देवीकडे बघायला लागले. स्टँडखाली फोम आणि थ्रेशोल्ड (किती जोराच्या माराला पॅडने वाजायचं ती मर्यादा) वर, एवढ्याने थांबलं. ही दोन्ही पॅडना लागणारी गोष्ट. दुसरं, अॅडॉप्टर. रोलंडच्या पिनेत मध्ये वजा असतं, पुष्कळांच्या मध्ये अधिक. मंडपातला कुणाचाही अॅडॉप्टर खुपसू नकोस.

ढोलकीप्रेमी : सगळ्यांना ऑक्टापॅड म्हणता, पण रोलंडचा १९८५ चा पहिला ऑक्टापॅड, पॅड-८, स्वतः मुका होता. मिडीने (वाद्यांमधली संदेशाची जोडणी) दुसऱ्या यंत्राकडून बोलायचा. म्हणजे आवाज बाहेरून आणणं काही नवं नाही. (हे मी तुमच्या बाजूने बोललो, लक्षात ठेवा.)

दांडियाबाजारकर : काल दोन्ही वाजवून आलो. एसपीडी-२० चा खालच्या ओळीतला दुसरा पॅड हलक्या काठीला उत्तरच देत नव्हता, वरून विकणारा म्हणे, 'जरा जोरात मारा ने'. सॅम्पलपॅड हेडफोनवर छान होता. रविवारी तो गरबा ग्रुपच्या स्पीकरवर, आमच्या ढोलाच्या चार फायली टाकून वाजवणार. विकणारा तयार झाला तर घेतो. नाहीतर यंदाही ढोलकीच.

रावपुरा बीट : रविवारी कुठे? मीही येतो ऐकायला. फोम मी आणतो.